हयात की मयत

घरात तिला बारकी म्हणत. पस्तिशी उलटली तरी ते नाव तिच्या मागून सुटलं नव्हतं. खरं तर घरात सगळ्यात उंच तीच. दुकानात वरच्या फळीवरचा डबा काढायचा असला की लोक तिलाच हाक मारत. पण दादाच्या पाठची, म्हणून बारकी ती बारकीच.

ती दात करायची. दात काढणारी किंवा बसवणारी डॉक्टर नव्हे. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर खोटे दात घडवणारी लॅब होती, तिथली ती कारागीर. डॉक्टरांकडून रोग्याच्या जबड्याचं माप यायचं. त्यात ती प्लास्टर ओतायची, जबडा उभा करायची, मग मेणात दात लावायचे, नाहीतर पोर्सिलेनचे थर देऊन भट्टीत भाजायचे. तिच्या टेबलावर दिवसभर अनोळखी लोकांचे जबडे आ वासून पडलेले असत आणि ती त्यांच्याशी गप्पा मारत काम करी. "तुम्ही झोपेत दात खाता वाटतं," असं एखाद्याला म्हणे. लॅबचे मालक म्हणत, "बाई, त्यांनी उत्तर दिलं की मला सांगा. मी दुकान बंद करून पळतो."

आईची कवळीही तिनेच केलेली. कवळी बसली होती झकास, पण बोलायचं नसलं की आई ती काढून वाटीत ठेवायची. मग विषय वाढवायची कुणाची टाप नसे. आणि हल्ली दादाचं नाव निघालं की कवळी वाटीत.

दादा एसीचा मेकॅनिक होता. "थंडी विकून पोट भरतो," असं स्वतःच सांगायचा. समोरचा दात बाटलीचं झाकण उघडताना त्याने कोपऱ्यात तोडून घेतला होता, त्यामुळे हसला की वांड पोरासारखा दिसायचा. कंत्राटावर तिकडे, परदेशात, गेला. पहिली काही वर्षं दर आठवड्याला फोन, पैसे, फोटो, सगळं रीतसर. मग तिकडे कायमचं राहायचा अर्ज केलाय म्हणाला. पुढे बाबांना हृदयाचा झटका आला. बाबा दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यात दादाचा फोन आला, बाबा दोन वाक्यं बोलले तोच लाइन तुटली, आणि तो शेवटचा. त्यानंतर नंबर बदलला. कंपनीने कळवलं, नोकरी सोडून गेले. त्याच्या खोलीतला सोबती पुढे मायदेशी परत आला, तोही म्हणाला, मला काही ठाऊक नाही. या गोष्टीला सहा वर्षं झाली होती.

बाबा पाणीपुरवठ्यात होते. उभी हयात रस्त्यारस्त्यातले व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात गेली, त्यामुळे शहराची गल्ली न् गल्ली त्यांना पाठ. निवृत्त झाल्यावरही फिरायची सवय गेली नाही. एके दिवशी फिरून आले ते दारातच उभे राहिले.

"तो दिसला मला," म्हणाले. "बसस्टॉपवर उभा होता. हातात हत्यारांची पिशवी. हाक मारली तर वळला नाही. पण मान त्याचीच."

पुढे तो त्यांना न्हाव्याच्या दुकानाच्या आरशात दिसला, पुलावर दिसला, एकदा तर घराच्याच जिन्यात दिसला म्हणाले. मग तो घरातच यायला लागला. दुपारी बाबांचा डोळा लागला की पायथ्याशी येऊन बसायचा. बोलायचा नाही. "गादी दबते तेवढी," बाबा सांगत. "जिवंत माणूस असा येत नाही गं."

आई हातातलं काम चालूच ठेवायची. लोकांच्या बॅगांच्या तुटलेल्या चेन ती बदलून द्यायची. त्या दिवसांत तिच्या हातातली सुई जरा जास्तच जोरात रुतायची. आणि कवळी वाटीत.

बारकीला बाबांचं हसू येत नसे, कारण तिच्या बाबतीतही एकदा तसं झालं होतं. लॅबमध्ये एक माप आलं. तिने प्लास्टर ओतलं, सुकू दिलं, साचा उलटा केला, आणि समोरचा दात कोपऱ्यात तुटलेला. बरोब्बर तसाच. शेजारचा दात किंचित तिरका, तोही तसाच. त्या जबड्याशी ती बोलली नाही. त्याला रुमालाखाली झाकून तिने डॉक्टरांना फोन लावला, हा रोगी कोण म्हणून विचारलं. एका लाकडाच्या वखारीचे मालक होते, साठीचे. तरी तो रुमाल तिला संध्याकाळपर्यंत काढवला नाही.

मालकांनी लॅबमध्ये दात कोरणारं मशीन आणलं तेव्हा बारकीने ओळखलं की इथलं आपलं अन्नपाणी सरत आलंय. तिकडे मात्र हाताने काम करणारे कारागीर हवे होते. कुशल कामगार म्हणून कायमचं राहता येत होतं. तिने घरी विचारलं.

"जा," आई म्हणाली. "एक गेला तेव्हा अडवलं नाही. तुला कोणत्या तोंडाने अडवू?" थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तिकडे असलीस म्हणजे नजर तरी टाकशील इकडेतिकडे."

एजंटच्या ऑफिसात काचेचं दार होतं आणि भिंतीवर दात दाखवत हसणाऱ्या एका कुटुंबाचं चित्र. दात खोटे आहेत हे बारकीने खुर्चीत बसायच्या आधीच ओळखलं. एजंट बोलका होता. तो एकेक प्रश्न वाचत होता आणि संगणकावर खटाखट बोटं चालवत होता.

"आई-वडील?"

"आहेत."

"भावंडं?"

"एक भाऊ. तिकडेच असतो."

एजंटची खुर्ची पुढे आली. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! कायमचा राहत असेल तर अर्जाला मिळणारे तुमचे गुण वाढतात. तुम्हाला तेवढेच कमी पडतायत. म्हणजे आंधळा मागतो एक डोळा झालं की! त्यांच्या कायमच्या परवान्याच्या कार्डाची प्रत आणि पत्ता आणा, बस्स."

"त्याचा पत्ता नाही आमच्याकडे. बरीच वर्षं फोन नाही."

"मग काय लिहू? हयात की मयत?"

बारकी भिंतीवरच्या चित्राकडे बघू लागली.

"मॅडम, इथे दोनच पर्याय आहेत. 'रुसलाय' असा तिसरा नाही."

घरी तिने चहाच्या वेळी सांगितलं. आईने लगेच म्हटलं, "हयात. त्यात विचारायचं काय?"

बाबा बशीतला चहा बघत होते. "मयत लिही," ते म्हणाले.

"अहो, जिभेला काही हाड?"

"रोज येतो तो. मी काय खोटं बोलतोय?"

"येतो ना, मग त्यालाच विचारा की! माझ्या पोराला कशाला मारताय?"

बाबा उठून आतल्या खोलीत गेले. आईने त्या दिवशी कवळी काढली नाही. ती बराच वेळ तशीच बसली, ओठ घट्ट मिटून, जणू तोंडात सांडेल असं काही धरलं होतं.

दादाच्या खोलीतल्या त्या सोबत्याचं शहराच्या दुसऱ्या टोकाला मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. बारकी सुट्टीच्या दिवशी तिथे गेली. त्याने तिला ओळखलं आणि हातातला स्क्रू खाली पाडला.

"ताई, मी तेव्हाच सांगितलं होतं, मला काही—"

"मला अर्ज भरायचाय," बारकी म्हणाली. "त्यात त्याला जिवंत म्हणू की मेलेला, तेवढं सांगा. बाकी काही नको."

तो हसेल असं तिला वाटलं नव्हतं, पण तो हसला, आणि ते हसू चांगलं नव्हतं. "अर्ज," तो म्हणाला. "त्याच अर्जाने घात केला, ताई." त्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. "तुमच्या घरी सांगायचं नाही अशी शपथ घातली होती त्याने."

"मोडा. पाप माझ्या डोक्यावर."

मग त्याने सांगितलं. दादा अर्ज भरत होता तेव्हा कुणा दलालाने त्याच्या डोक्यात भरवलं होतं की म्हातारे आई-बाप दाखवलेस तर उद्या तू त्यांना बोलावणार, त्यांच्या औषधपाण्याचा भार पडणार, म्हणून अर्ज मागे पडतो. दोघांना मयत दाखव, कोण बघायला येतंय? दादाने दाखवलं. तारखा मनाच्याच टाकल्या. खोलीवर येऊन हसत सांगितलं, म्हाताऱ्यांचं आयुष्य वाढेल बघ याने.

"मग मुलाखत झाली," सोबती म्हणाला. "समोर एक बाई होत्या. कागद वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, एकाच वर्षात दोघंही? फार वाईट झालं हो. आणि उठून त्याचा हात हातात घेतला. खोलीवर आला तो पांढराफटक. म्हणाला, अरे, मला रडू आलं. नाटक नाही, खरंखुरं. मी तिथे बसून आई-बाबांसाठी रडलो."

बाहेर कुणीतरी शटर वाजवलं. सोबत्याने लक्ष दिलं नाही.

"कार्ड आलं, आणि त्याच आठवड्यात तुमचा फोन. बाबांना झटका आला म्हणून. झालं. त्याने डोक्यात घेतलं की मी लिहिलं म्हणून हे झालं. मी म्हटलं, वेड्या, लिहून माणसं मरत असती तर या जगात कुणाचे शत्रू उरले असते का? पण ऐकायला तो जागेवर कुठे होता? फोन वाजला की जिन्यात जाऊन उभा राहायचा. एकदा मीच बळेबळे फोन लावून दिला. बाबा बोलले. त्याने ऐकलं आणि फोन ठेवून दिला."

"आम्हाला वाटलं लाइन तुटली."

"मला म्हणाला, हे बाबा नाहीत. त्यांच्या आवाजात दुसरं कुणीतरी बोलतंय."

झटक्यानंतर बाबांचा आवाज बसला होता, अजूनही तो पूर्वीसारखा झालेला नव्हता.

"वर बंदराच्या गावात कुठल्याशा शीतगृहात काम मिळालं म्हणून गेला," सोबती म्हणाला. "जाताना एवढंच बोलला, मी फोन केला नाही तर जगतील ती दोघं. पुढचं खरंच मला ठाऊक नाही, ताई."

घरी काही सांगायचं नाही असं ठरवूनच बारकी परतली. पण आईने तिच्याकडे एकदा बघितलं आणि हातातली बॅग बाजूला ठेवली. "बोल," म्हणाली. बारकीने सगळं सांगितलं, तिथल्या तिथे, चपलाही न काढता.

मग बाबा म्हणाले, "म्हणजे मयत मी."

"बाबा—"

"थांब, मला नीट समजू दे. मी इतकी वर्षं धरून चाललो की तो मेलाय आणि माझ्याकडे येतो. आणि तिकडे तो धरून चाललाय की मी मेलोय. मग त्याच्या खोलीत पायथ्याशी जाऊन कोण बसत असेल?" त्यांचा चेहरा कसनुसा झाला, आणि ते हसायला लागले. "अगं, म्हणजे भूत मीच की!"

ते हसत सुटले. हसता हसता ठसका लागला, ठसक्यातून डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेचना. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिने विचारलं, "माझी तारीख कुठली टाकली त्याने?"

"ठाऊक नाही, आई."

"वाढदिवस कधी लक्षात राहिला नाही त्याच्या. ही तरी कुठून राहणार."

पेच उरला होताच. दुसऱ्या दिवशी बारकीने एजंटला आडून विचारलं. त्याला वास लागला असावा, कारण तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, भावाचं नाव दाखवलंत, आई-बाप हयात दाखवलेत, आणि तिकडे कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर त्याचं कार्ड जाईल. सरळ मयत लिहा. कुणाचंच काही जात नाही."

तिने हेही आई-बाबांना सांगितलं. म्हणाली, "मी अर्जच करत नाही. राहू दे."

"का म्हणून?" आई म्हणाली.

"तो पकडला जाईल, आई."

"पकडू दे." आई बोलली ती इतकी शांतपणे की बाबांनी मान वर केली. "पकडला तर सापडेल तरी. त्याने आम्हाला लिहून मारलं आणि वेडा होऊन बसला. आता तू त्याला लिहून मारणार, आणि मी काय तुम्ही मारलेल्यांचे दिवस घालत बसू? या घरात आता कागदावर कुणी मरायचं नाही. जिवंत आहे ते जिवंत लिही."

बारकीने अर्ज स्वतःच्या हाताने भरला. एजंटने कपाळावर हात मारला, पण तिने ऐकलं नाही. आई हयात, वडील हयात, भाऊ हयात. पत्ता माहीत नाही. भावाचे गुण मागितलेच नाहीत. ते भरून काढायला भाषेची परीक्षा पुन्हा दिली, जबड्यांशी तिकडच्या भाषेत बोलून बोलून. मालक म्हणाले, "आता तर त्यांनी उत्तर दिलं तरी मला कळायचं नाही."

नंतरचा काळ वाट बघण्याचा. बारकीला आपण काहीतरी सोडून दिलंय असं वाटायचं, विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये तसं. घराबाहेर पाऊल वाजलं की वाटायचं, आली बातमी, पकडला त्याला. तिने लिहिलेल्या एका शब्दाचा हात इतक्या लांब पोचेल का, आणि पोचला तर तो त्याला धरेल की ढकलेल? ती लॅबमध्ये साचे उलटे करताना आधी एका डोळ्याने बघायची.

आणि घरात दुपारी बाबांचा आवाज यायला लागला. आधी ते पायथ्याशी बसलेल्याकडे नुसते बघत, आता बोलत. "मी आहे रे," असं सांगत. "नीट बघ. पेन्शन मिळते मला अजून. मेलेल्याला सरकार देतं का पेन्शन?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बारकी दाराबाहेर थबकली. आई तिला हाताने म्हणाली, चालू दे.

अर्ज मंजूर झाला. भावाबद्दल कुणी काही विचारलं नाही. कागद शेजारी ठेवलेच गेले नाहीत, की ठेवूनही कुणी बघितले नाहीत, ते आजतागायत कळलेलं नाही.

बारकी तिकडे गेली. लॅब मोठी, उजेड भरपूर, पण प्लास्टर तेच आणि जबडेही तसेच आ वासलेले. ती भाड्याच्या खोलीत राहू लागली, आणि एका सुट्टीच्या दिवशी बसने बंदराच्या गावाला गेली.

गाव लांबट होतं, समुद्राच्या कडेने पसरलेलं. माशांची शीतगृहं एका रांगेत, खिडक्या नसलेली, आणि आतून सतत घुमणारा यंत्रांचा आवाज. ती एकेका दारात जाऊन फोटो दाखवत होती. कुणी मान हलवली, कुणी खांदे उडवले. शेवटच्या शीतगृहातल्या मुकादमाने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.

"होता असा एक," तो म्हणाला. "हाताला फार चांगला. बोलायचा नाही. आई-वडील वारलेत असं एकदा म्हणाला होता. गेला सोडून."

"कुठे?"

"याच पट्ट्यात असेल. ही कामं करणारे लांब जात नाहीत."

परतीच्या वाटेवर कॉम्प्रेसर आणि नळ्यांचे सुटे भाग विकणारं एक दुकान लागलं. दारामागे फळा होता, त्यावर लोकांनी चिठ्ठ्या लावलेल्या: खोली भाड्याने, जुनी गाडी, कामगार पाहिजे. बारकीने दुकानदाराकडून कागद मागून घेतला आणि मोठ्या ठळक अक्षरांत मराठीत लिहिलं, "दादा, आई-बाबा जिवंत आहेत. बाबांचा आवाज आजारात बदलला, माणूस तोच आहे. घरचा नंबर जुनाच आहे. बारकी."

दुकानदाराने अक्षरांकडे कौतुकाने बघितलं. "काय विकायचंय?"

"काही नाही. निरोप आहे," ती म्हणाली.

पुढे बरेच महिने ती जात राहिली. चिठ्ठी उन्हाने पिवळी पडत गेली. बसमधून उतरल्यावर तिला प्रत्येक पाठमोऱ्या माणसात ती मान दिसायची, आणि माणूस वळला की दुसराच कुणी. बाबांना गल्ल्यांमधून काय होत असेल ते तिला आता कळलं. एका खेपेला फळ्यावर चिठ्ठी नव्हती. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "पडली असेल. नाहीतर नेली असेल कुणी. वाचता येणाऱ्यानेच नेली असेल, दुसऱ्याला काय उपयोग?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आईचा फोन आला.

"बारके, इथे एक फोन येतो गं. पलीकडे कुणी बोलत नाही."

"कधीपासून?"

"झाले की काही दिवस. पहिल्यांदा मी उचलला. हॅलो हॅलो केलं. मग म्हटलं, जेवलास का? तर ठेवूनच दिला. मला इतकं वाईट वाटलं, की घाई केली मी. पुन्हा आला तेव्हा ह्यांना दिला. आता हेच बोलतात."

"बाबा काय बोलतात?"

"काय बोलणार? गुडघा दुखतो म्हणून सांगतात. मोठ्या रस्त्याची पाइपलाइन बदलली, जुना व्हॉल्व्ह कसा चांगला होता, ते सांगतात. तू तिकडे आहेस ते सांगतात. आवाज असा का झाला तेही सांगून झालं. तो ऐकून घेतो."

"आई, पण तो दादाच कशावरून? कुणीही असेल. चुकीचा नंबरही असेल."

आईच्या बोलण्यावरून कळत होतं की कवळी तोंडात आहे.

"ह्यांचं बोलणं संपलं तरी तो फोन ठेवत नाही," ती म्हणाली. "दोघंही तसेच धरून बसतात. परका माणूस कशाला बसेल?"

त्या सुट्टीलाही बारकी बंदराच्या गावच्या बसमध्ये बसली. पिशवीत नवा कागद होता आणि फळ्यावर लावायच्या टाचण्या.